आबांचा शिकारी सुरा आणि पाच किलो झेंडू

आमच्या घरातला शिकारी सुरा ज्यानं पाहिला नाही असा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळायचा नाही. मिळालाच तर ती परवा लग्न होऊन आलेली एखादी सून असेल, आणि तिला आम्ही येत्या रविवारी चहाला बोलावणारच आहोत.

सुरा दिसायला तसा साधा. वीतभर पातं, काळी शिंगाची मूठ, आणि पात्याच्या बुडाशी नख बसेल एवढी एक खाच. पण या तिन्हींचा इतिहास माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या जिभेवर आहे. आबा आता नव्वदीला टेकलेत. एका डोळ्यानं नुसता उजेड दिसतो, दुसऱ्यानं तोही नाही. तरी इतिहास सांगायला बसले की त्यांना इथं भवानीनगरच्या अलीकडं आमच्या वस्तीवर बसून इंदापूरच्या माळावरचं काळवीट दिसतं, आणि त्याच्या शिंगांना वेढे किती तेही मोजून सांगतात.

इतिहास असा. एक गोरा साहेब माळावर शिकारीला आला. लांडग्यानं त्याला घोड्यावरून खाली ओढला. साहेब एकीकडं, बंदूक दुसरीकडं. तेवढ्यात आमचे आजोबा चुकलेली शेळी हुडकत तिथं पोचले. त्यांनी साहेबाच्या कमरेचा सुरा उपसला आणि लांडग्यापुढं धरला. लांडग्यानं सुराच दातात पकडला. आजोबांनी हिसडा दिला, लांडग्याचा सुळा तुटला आणि लाजेनं तो जो गेला तो पुन्हा या तालुक्यात दिसला नाही. साहेबानं रडत रडत सुरा आजोबांना बक्षीस दिला. म्हणून पोलाद विलायती, मूठ सांबराच्या शिंगाची आणि खाच लांडग्याच्या सुळ्याची.

मी शाळेत होतो तेव्हा या गोष्टीत एकच लांडगा होता. मी कॉलेजात जाईपर्यंत तीन झाले. माझ्या लग्नाच्या बोलणीत आबांनी माझ्या सासऱ्यांना सात सांगितले, तेव्हा कुठं लग्न जमलं.

मी स्वतः या सुऱ्यानं आजवर काय मारलं म्हणाल, तर पेरू. शिकारीला कायद्यानं बंदी आहे आणि मी कायदा पाळणारा माणूस आहे. मुंगीवर पाय पडला तरी मी वनखात्याच्या दिशेनं हात जोडतो. तरी एक प्रसंग सांगतो, कारण तो न सांगता मी पुढं गेलो असं आजवर झालेलं नाही.

मी कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होतो, म्हणजे कुणाच्या उसाला तोड कधी ती चिठ्ठी देणारा. अठ्ठावन्नाव्या वर्षी 'बॉय' म्हणूनच निवृत्त झालो. तर ऊस तोडत तोडत फडाचा शेवटचा पट्टा उरतो ना, तेव्हा अख्ख्या फडातली जनावरं सरकत सरकत त्या पट्ट्यात येऊन बसलेली असतात. ससे, मुंगसं, रानमांजरं. म्हणून शेवटच्या पट्ट्याला गावची कुत्री आणि गावची रिकामी माणसं न बोलावता हजर असतात. मीही उभा होतो, सुऱ्यानं ऊस सोलून खात. आणि पट्ट्यातून रानडुक्कर सुटलं. ते थेट माझ्या दोन पायांच्या मधून निघायला गेलं, पण उंची जरा जास्त पडली आणि मी त्याच्यावर बसलो. उलटा. एका हातात सुरा, दुसऱ्यात ऊस. दोन पाट, चार बांध आणि शेजाऱ्याचं नवंकोरं ठिबक ओलांडून ते मला पार डांबरीपर्यंत घेऊन गेलं. तिथं दमून बसलं. मी उतरलो, त्याला उरलेला ऊस दिला आणि चालत घरी आलो. मारायचं मनात आलं नाही. ज्यानं आपल्याला एवढं वाहून आणलं त्याला मारायचं कसं?

माझी बायको म्हणते ते डुक्कर नव्हतं, वरच्या आळीतलं रेडकू होतं. असेलही. मी उलटा बसलो होतो, मला तोंड बघायला मिळालं नाही.

तर असा हा सुरा. पण त्याची खरी किंमत लांडग्यात नाही आणि डुकरातही नाही. ती दुपारी चार वाजता आहे.

रोज चार वाजता आबा पडवीतल्या बाजेवर उठून बसतात, उशीखालचा सुरा काढतात आणि पेरू कापतात. दात नाहीत, म्हणून फोड अशी पातळ की आरपार पेपर वाचावा. पहिली फोड कायम आईची. पन्नास वर्षं त्यांनी पहिली फोड आईच्या हातावर ठेवली, आणि तिनं रोज "बी काढा की जरा" म्हणून ती खाल्ली. आई गेल्यापासून ते पहिली फोड बाजेशेजारच्या कोनाड्यात ठेवतात. बी काढून. ती फोड मुंग्या नेतात. आमच्या घरच्या मुंग्या चार पिढ्यांपासून पेरूवर आहेत, साखरेला तोंड लावत नाहीत. आणि या साखरेच्या मुलखात ही काय साधी गोष्ट झाली?

आता खंडेनवमीकडं येतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. पाटावर कोयते, खुरपी, विळा, पान्हे, फवारणीच्या पंपाचं नोझल मांडायचं. ट्रॅक्टर पाटावर मावत नाही म्हणून बाहेरच त्याच्या नाकाला हार. मधोमध सुरा, त्याच्याभोवती झेंडू. आबा दरसाल बाजेवरून एकच वाक्य बोलतात, "झेंडू कमी घाल रं." मला वाटायचं, म्हातारा चिकट आहे. मागच्या दसऱ्याला तर आमच्या मळ्यात झेंडूच झेंडू होता. मी पाच किलो ओतला.

बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, "अहो, पूजा हत्यारांची हाय का झेंडूची?"

आबा आतून ओरडले, "किती घातलाय?"

"थोडाच हाय आबा!"

"वास तर गाडीभर येतोय!"

दुसऱ्या दिवशी दसरा. नैवेद्य झाला, हत्यारं उचलली, जागच्या जागी गेली. मी झेंडूचा सगळा ढीग धोतरात गोळा केला, त्याचं गाठोडं बांधलं आणि कालव्यावर गेलो. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडायचं ही आमची रीत. पाण्याचं आवर्तन चालू होतं, कालवा काठोकाठ. मी हात जोडले, डोळे मिटले, धोतर झटकलं.

डुबुक.

झेंडू डुबुक वाजत नाही. पण मी म्हणालो, नारळ असेल. तसाच तृप्त मनानं घरी आलो, तर नारळ पाटावर बसून माझी वाट बघत होता. आणि नारळाशेजारी, जिथं सुरा असायचा तिथं, झेंडूची एक पाकळी.

बायकोनं एकदा पाटाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"माझ्याकडं बघू नगा," ती म्हणाली. "पाच किलोचा मानकरी तुमीच हाय."

तेव्हा वाजले होते साडेतीन.

चारला आबा उठून बसले. उशीखाली हात घातला. "सुरा आण रं पाटावरचा."

"आबा," मी म्हणालो, "पूजेतलं हत्यार पाच दिवस वापरायचं नसतं."

"ह्यो नेम कुठला?"

"पंचांगात नवीन आलाय."

"मग कोयतीबी बंद? गडी फडावर कशानं ऊस तोडत्यात, दातानं?"

"कोयत्याला सूट हाय. शेतीमाल म्हणून."

बायकोनं आणलेल्या विळीवरच्या फोडी आबांनी खाल्ल्या नाहीत. कोनाडाही रिकामा राहिला. संध्याकाळी मुंग्या रांगेनं आल्या, कोनाड्यात फिरल्या आणि रांगेनं परत गेल्या. त्यातली एक थांबून माझ्याकडं बघून गेली. शपथेवर सांगतो.

मी पाटकऱ्याला गाठलं. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा, झाकणारा माणूस. त्याला म्हणालो, "एक दोन तास पाणी बंद कर. आमचा सुरा पडलाय."

"तात्या," तो म्हणाला, "शेवटच्या टोकाची माणसं बारा दिस झालं पाण्याची वाट बघत्यात. आत्ता दार झाकलं तर ती हितं येतील, आन मग तुमच्या सुऱ्याशेजारी मला हुडकावं लागंल."

"मग कधी बंद होतंय?"

"पंधरा दिसांनी. तवर तुमचा सुरा वाहत वाहत कुठल्या कुठं गेला असंल."

मी हार मानणारा नव्हे. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या स्पीकरमधलं चुंबक आमच्या भाच्याकडं पडून होतं, ताटाएवढं. ते विहिरीच्या जाड दोराला बांधून मी कालव्यात सोडलं. पहिल्या फेकीला नांगराचा फाळ आला. दुसऱ्या फेकीला विळा, घोड्याची नाल आणि सायकलची घंटी. घंटी वाजत होती. बघता बघता काठावर तीसेक माणसं जमली आणि प्रत्येकाला आपली हरवलेली वस्तू आठवायला लागली. एकाला तर पाच वर्षांपूर्वीची ट्रॅक्टरची पिन मिळाली, ज्या पिनेवरून त्यानं सख्ख्या चुलतभावाशी बोलणं सोडलं होतं. दोघं तिथंच गळ्यात पडले. सगळ्यांचं सगळं मिळालं, माझा सुरा सोडून. शेवटच्या फेकीला चुंबक कालव्याच्या लोखंडी दाराला जे चिकटलं ते दहा माणसांनी ओढूनही निघालं नाही. अजून तिथंच आहे. बघायचं असेल तर पाणी उतरल्यावर या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आबांना सांगितलं, सुरा धार लावायला दिलाय.

"त्याला धार?" आबा म्हणाले. "साठ वर्सं त्याला दगड दावला न्हाय."

तिसऱ्या दिवशी सांगितलं, पुण्याहून दोन अभ्यासक आले होते. विलायती पोलाद बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटो काढायला सुरा घेऊन गेलेत.

"लांडग्याचं सांगितलंस का त्यास्नी?"

"सांगितलं की."

"किती सांगितलंस?"

"अकरा."

आबांनी मान डोलावली. "पावती घेतलीस?"

आता तुम्हाला सांगतो, खोटं बोलण्यात मी लेचापेचा नाही. पण ज्या माणसाकडून आपण ही विद्या शिकलो त्याच्यासमोर खोटं बोलणं म्हणजे वस्तादावर त्याचाच डाव टाकणं. आणि मुख्य म्हणजे तीन दिवस आबांनी पेरू खाल्ला नव्हता. हातात घ्यायचे, हुंगायचे आणि परत टोपलीत ठेवायचे. आई गेली तेव्हाही पेरू फक्त दोन दिवस बंद होता. तिसऱ्या रात्रीच्या जेवणाला त्यांनी अर्धी भाकरी ठेवली. बायको मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, "काय वाट्टेल ते करा, पर म्हाताऱ्याच्या हातात सुरा द्या."

म्हणून मी निमगाव केतकीच्या बाजारात गेलो. तिथं एक म्हातारा लोहार बसतो, कोयते शेवटायला, म्हणजे तापवून नवी धार काढायला, आणि खुरपी ठोकायला. बाजारात एवढा गोंगाट की बोकडालाही मालकाच्या कानात ओरडावं लागतं. मी त्याच्यापुढं उकिडवा बसलो आणि सुरा सांगायला लागलो. वीतभर पातं, पुढं जरा उचललेलं, बुडाशी...

त्यानं भाता थांबवला. माझ्याकडं नीट बघितलं. मग मागच्या पत्र्याच्या पेटीत हात घालून त्यानं एक गंजलेला पत्र्याचा तुकडा काढला आणि माझ्यापुढं टाकला.

"ह्योच न्हवं?"

पत्र्याचा तुकडा नेमका आमच्या सुऱ्याच्या आकाराचा. तीच उचल, तोच बाक. मला वाटलं, या बाजारात कुणीतरी माझ्यावर करणी केलीय.

"ह्यो... तुमच्याकडं कसा?"

"नमुना हाय. जपून ठेवायचा असं बापानं सांगितलंय. भवानीनगरकडचं गिऱ्हाईक म्हणला, यीलच कधीतरी."

"अहो पण तो विलायती पोलादाचा हाय! गोऱ्या साहेबानं..."

"गाडीखालच्या कमानपाट्याचा हाय," लोहार शांतपणे म्हणाला. "मागच्या खेपेचा ट्रकचा. त्याच्या आधीचा कुणाच्या जीपचा व्हता म्हणत्यात."

"मागच्या खेपेचा? म्हणजे किती खेपा?"

"ह्यी धरून तीन. जास्त मला इचारू नगा. सांगायचं न्हाय असं बोलणं झालेलं हाय."

"आणि मूठ? सांबराच्या शिंगाची?"

तो एवढा हसला की ठिणग्या उडाल्या. "बैलाचं शिंग! सांबर ह्या बाजारात आलेलं मी तरी बघितलं न्हाय."

मी तिथंच पोत्यावर बसून राहिलो. ज्या सुऱ्याच्या जोरावर माझं लग्न जमलं, तो ट्रकच्या खालून आला होता. समोर लोहार पाटा तापवत होता, घण पडत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत साहेब, घोडा आणि अकरा लांडगे धुरातून वर निघून चालले होते. दोन तासांत सुरा तयार झाला. मूठ बसली. मग त्यानं कानस उचलली आणि विचारलं, "खाच मारू न्हवं? लांडग्याची?"

मी मान हलवली. चार वेळा कानस फिरली आणि लांडग्याचा सुळा तुटला.

घरी आल्यावर नव्या सुऱ्याला जुना करायचं काम सुरू झालं. रात्रभर चिंचेच्या पाण्यात. सकाळी राखेत. मग शेणात. मग मी स्वतः त्यानं बेचाळीस पेरू कापले, म्हणजे हाताला आणि पात्याला सवय व्हावी. ते पेरू आम्ही नवराबायकोनं दुपारपर्यंत संपवले, त्याचं वर्णन इथं करत नाही. मूठ मी खोबरेल लावून गुडघ्यावर एवढी घासली की गुडघ्याचंच शिंग झालं.

पाचव्या दिवशी चार वाजता मी सुरा आबांच्या हातात दिला. मूठ त्यांच्याकडं करून, नेहमीसारखा.

"आले फोटो काढून," मी म्हणालो. "लई खूश हाईत ती लोकं."

आबांनी अंगठा मुठीवरून फिरवला. मग पात्याच्या पाठीवरून. मग खाचेत नख घातलं आणि तसंच ठेवलं. बायको दाराआड उभी. माझ्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, पकड म्हाताऱ्याला, विचार त्याला ट्रकचं आणि जीपचं. दुसरा त्या बोटांकडं बघत होता.

"खाच जरा खोल झालीय," आबा म्हणाले.

त्यांनी नख बाहेर काढलं.

"मी त्या लोहाराच्या बापालाबी म्हणलो व्हतो. लांडग्याचा दात हाय, कुदळ न्हवं."

दाराआडून बायकोच्या बांगड्या वाजल्या. मला हसावं की पाया पडावं कळेना.

"आबा, तुमीबी...?"

"खंडेनवमीच व्हती," आबा म्हणाले. "तू रांगत व्हतास. तुझ्या आईनं शेजारणीकडनं झेंडू आणला व्हता, टोपलं भरून. गाठोडं मी सोडलं कालव्यात. डुबुक वाजलं." सुरा मांडीवर ठेवून ते म्हणाले, "मी म्हणलं, नारळ असंल."

"मग आजोबांना काय सांगितलंत?"

"सांगितलं, साहेबाचा नातू आला व्हता, बघायला घिऊन गेला. त्यांनी समदं ऐकून घेतलं. म्हणले, निमगावच्या बाजारात जा, लोहाराकडं नमुना हाय."

मग मी विचारलं, कारण विचारल्याशिवाय राहवेना, "आबा, मग साहेब होता तरी का?"

आबांनी माझ्या दिशेनं असं तोंड केलं की त्यांना मी पुरता दिसत होतो असं मला आजही वाटतं.

"साहेब नसता तर सुरा कुठनं आला असता?" ते म्हणाले. "दरसाल बोंबलून सांगतोय, झेंडू कमी घाल, झेंडू कमी घाल. ऐकतोस कधी? आण तो पेरू."

त्यांनी पेरू कापला. नवी धार, हात जरा घसरला, पहिली फोड जाड झाली. ती त्यांनी बोटांनी चाचपली, नखानं एकेक बी काढलं आणि कोनाड्यात ठेवली. दुसरी मला दिली. बेचाळीस पेरू खाल्लेल्या माणसाला त्रेचाळिसावा गोड लागतो हे मला त्या दिवशी कळलं. पाच वाजेपर्यंत मुंग्या परत कामावर रुजू झाल्या होत्या.

त्याच्या पुढच्या रविवारी अशीच एक नवी सून सासूबरोबर चहाला आली. आबांनी तिच्या हातात सुरा दिला, तिचं बोट धरून खाचेत ठेवलं आणि गोष्ट सांगितली. लांडगे तेराच होते. पण आता साहेबाला एक नातूही आहे, आणि तो पुण्याहून येऊन सुऱ्याचा फोटो काढून गेलाय. मी शेजारी बसून मान डोलावली. फोटो काढताना मी हजर होतो ना.

यंदाच्या खंडेनवमीला मी सुऱ्याच्या मुठीला सुतळी बांधली आणि तिचं दुसरं टोक पाटाच्या पायाला बांधलं, दोन गाठी मारून. झेंडू मात्र सहा किलो घातला. आबा आतून ओरडले, बायको दारातून ओरडली, आणि मी दोघांना सांगितलं, थोडाच आहे.